ॲपवर यिडिश शिकण्याआधी ती कोणाशी बोलायची आहे ते ठरवा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पुण्यात राहून, जर्मन बऱ्यापैकी येत असताना, केवळ मोबाइलवरील ॲपच्या आधारे यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंची, जर्मनशी नाते असलेली पण हिब्रू अक्षरांत लिहिली जाणारी भाषा, शिकता येईल का, आणि ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवरील यिडिशचे उच्चार ‘अशुद्ध’ आहेत असे जे म्हटले जाते, ते खरे आहे का. पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे की, लिपी येईल, रोजची वाक्ये येतील आणि त्यापुढे गाडी अडेल. मी लिहायला बसलो तो मात्र दुसऱ्या प्रश्नामुळे, कारण ‘अशुद्ध’ हा शेरा याच भाषेच्या वर्गात मला सर्वांसमक्ष ऐकावा लागलेला आहे.

मी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिनमधील बरो पार्क या भागात फार्मासिस्ट आहे. आमच्या दुकानात येणारे बहुतेक लोक हसिदी, म्हणजे एका कर्मठ धार्मिक पंथाचे ज्यू आहेत आणि त्यांच्या घरात, शाळेत, भांडणात आणि लग्नात यिडिशच चालते. त्यांना इंग्रजी येत नाही असे नाही. पण औषध कधी आणि किती घ्यायचे हे वयस्कर माणसाला त्याच्या भाषेत सांगितले, तर तो ते पुन्हा विचारायला येत नाही, हा माझा व्यवसायातील अनुभव आहे. त्यासाठी मी फोनवर ड्युओलिंगोचा अभ्यासक्रम सुरू केला आणि शिवाय एका संस्थेच्या ऑनलाइन वर्गातही नाव घातले.

वर्गातील शिक्षक व्यासंगी होते आणि व्याकरण उत्तम शिकवत. एकदा त्यांनी प्रत्येकाला आपल्या कामातील एक वाक्य म्हणायला सांगितले. मी अर्थातच ‘दिवसातून दोनदा’ असे सांगणारे वाक्य निवडले आणि दुकानात रोज ऐकतो तसे ‘त्स्वाय मुल आ टुग’ म्हणालो. त्यांनी मला मध्येच थांबवले, माझ्याकडून ‘त्स्वे मोल आ टोग’ असे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि ॲपमुळे उच्चार बिघडतात, तेव्हा सर्वांनी ते काढून टाकावे, असे बजावले. मी म्हणालो की हे मी ॲपकडून नव्हे, गिऱ्हाइकांकडून शिकलो आहे. त्यावर, ‘ती बोली झाली, आपण येथे भाषा शिकतो,’ असे उत्तर मिळाले. मी मूळचा अकोल्याचा आहे आणि पुण्यात शिकायला गेलो तेव्हा हेच वाक्य माझ्या वऱ्हाडीबद्दल ऐकले होते. त्यामुळे मी गप्प बसण्याची शक्यता फारशी नव्हती.

पुढच्या तासाला मी कोलंबिया विद्यापीठाच्या भाषा-नकाशा प्रकल्पातील एक ध्वनिमुद्रण वर्गात वाजवले. भाषाशास्त्रज्ञ उरिएल वाइनराइख यांनी सुरू केलेल्या, यिडिशच्या बोलींचा नकाशा काढण्याच्या या प्रकल्पात, दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्या आणि पूर्व युरोपातील निरनिराळ्या गावांत जन्मलेल्या शेकडो लोकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या गेल्या आणि त्या आता इंटरनेटवर ऐकता येतात. माझ्या मुद्रणातील आजोबा पोलंडचे होते आणि ते दिवसाला स्पष्टपणे ‘टुग’च म्हणत होते. वर्गात ज्याला प्रमाण म्हणतात, ते रूप १९२५ साली व्हिल्ना (आजचे लिथुआनियातील व्हिल्नियस) येथे स्थापन झालेल्या यिवो या यिडिश संशोधन संस्थेशी जोडलेले आहे आणि त्याचे उच्चार बऱ्याच अंशी लिथुआनियाकडील बोलीला जवळचे आहेत. पोलंड, हंगेरी आणि युक्रेनकडचे असंख्य लोक तसे कधीच बोलत नव्हते. शिक्षकांनी मुद्रण शांतपणे ऐकले आणि ‘आधी प्रमाण, मग बाकीचे’ असे म्हणून पुढचा धडा घेतला.

तो वाद वर्गात मिटला नाही, म्हणून माझे म्हणणे येथे नोंदवतो. छापील पाठ्यपुस्तकाला एकच उच्चार निवडणे भाग होते; ध्वनिमुद्रणाला तशी कोणतीही सक्ती नाही. प्रत्येक वाक्यासोबत दोन आवाज द्यावेत, एक व्हिल्नाकडचा आणि एक ब्रुकलिनचा, आणि कोणता ऐकायचा हे विद्यार्थ्याने ठरवावे. त्यासाठी आज जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही जो शिक्षक हे नाकारतो, तो भाषेपेक्षा आपल्या पदवीची काळजी अधिक करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२१ साली आलेल्या ड्युओलिंगोच्या अभ्यासक्रमाने लेखन यिवोच्या नियमांचे आणि उच्चार हसिदी वळणाचे, अशी तडजोड केली. तिच्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो, कारण ‘गुट’ (चांगले) असे लिहिलेले ‘गिट’ ऐकू येते. परंतु याला अशुद्ध म्हणता येत नाही.

आता तुमच्या उपयोगाचे. रोमन लिपीतील यिडिश पहिल्याच आठवड्यात सोडा आणि फोनवर यिडिशचा कीबोर्ड बसवा. हिब्रूतून आलेले शब्द स्वरांशिवाय जुन्याच पद्धतीने लिहिले जातात, त्यामुळे अक्षरे वाचता आली तरी उच्चार कळत नाही. तेथे ॲपचा उपयोग संपतो आणि कोश लागतो. अमेरिकेतील ॲमहर्स्ट येथील यिडिश बुक सेंटरच्या संकेतस्थळावर हजारो जुनी पुस्तके विनामूल्य आहेत आणि मौखिक इतिहासाच्या चित्रित मुलाखतीही आहेत. मी मुलाखतींपासून सुरुवात करायला सांगेन.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. तुम्हाला पुण्यात बसून केवळ जुने साहित्य वाचायचे असेल, तर त्या शिक्षकांचे प्रमाण रूप तुम्हाला अधिक सोयीचे पडेल, कारण बहुतेक पाठ्यपुस्तके आणि कोश त्याच रूपात आहेत. शिवाय माझी गिऱ्हाइके इंटरनेटपासून धर्माच्या कारणाने बरीच दूर राहतात आणि त्यांच्या वृत्तपत्रांतील लेखन यिवोच्या नियमांप्रमाणे नसते, त्यामुळे घरबसल्या त्यांची भाषा ऐकायला मिळणे तितके सोपे नाही. जर्मनचा फायदा शब्दसंग्रहाला निश्चित होईल. मात्र वाक्यरचना जर्मनच्या सवयीने करू नका, क्रियापदांची जागा पुष्कळदा वेगळी असते. आणि पैसे खर्च करायचेच असतील, तर ॲपच्या जाहिराती बंद करण्यासाठी नव्हे, तर व्हर्टरबुख या ऑनलाइन कोशाच्या वर्गणीसाठी करा.