बारावीनंतर शाश्वत फॅशन शिकून करिअर करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

शाश्वत फॅशन म्हणजे कापड कमीत कमी वाया घालवून, पर्यावरणाला कमी त्रास देऊन कपडे करणं. 'शाश्वत' हे नाव असलेला कोर्स शोधत बसू नका. आधी कापड शिका. निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) चार वर्षांच्या बी.डिझाइन पदवीला बारावी कुठल्याही शाखेची चालते, प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते. आपल्याकडचं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. फॅशन डिझाइनपेक्षा टेक्सटाइल डिझाइन या विषयासाठी जास्त उपयोगी, असं माझं मत. पोतापासून रंगाईपर्यंत सगळं हाताखालून जातं.

फी झेपत नसेल तर एखाद्या चांगल्या टेलरकडे कटिंग शिका. मास्टरच्या टेबलाखालचा चिंध्यांचा ढीग नीट बघा: काखेचा आणि गळ्याचा गोल कापला की उरणारे तुकडे. पॅटर्नचे भाग एकमेकांत असे बसवायचे की कातरण जवळजवळ उरतच नाही, यालाच झीरो-वेस्ट कटिंग म्हणतात. साडी तर मुळातच न कापता नेसायची, आणि गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचं दुसरं आयुष्य.

कापडाचं लेबल वाचायची सवय लावा. कॉटन-पॉलिएस्टर मिश्रण स्वस्त पडतं, पण रिसायकलिंगसाठी त्यातले तंतू पुन्हा वेगळे करणं फार अवघड.

पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःचं काम दाखवायच्या फाइलमध्ये, नुसती सुंदर स्केचेस नकोत. एकाच जुन्या साडीचा कुर्ता करा. किती कापड लागलं, किती उरलं, उरलेल्याचं काय केलं, ते फोटोंसकट मांडा. पहिली नोकरी एक्स्पोर्ट हाउसच्या सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवणाऱ्या विभागात, मिळाली तर नाक मुरडू नका. खर्च कुठे वाढतो आणि माल कुठे वाया जातो ते तिथेच कळतं. स्वतःचा ब्रँड लगेच काढायची घाई मात्र नको. भांडवल स्टॉकमध्ये अडकतं.