वाघ, वावर आणि प्रेस नोट

मागच्या अंकात निसर्ग संवर्धन संस्थांमधल्या 'कम्युनिकेशन'च्या कामावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत, प्रत्येकाखाली माझं उत्तर आहे. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं गाळली आहेत.

ताई, मी मास कम्युनिकेशनमध्ये एमए केलंय. इथल्याच एका संस्थेत कम्युनिकेशन ऑफिसरची नोकरी मिळतेय. बाबा म्हणतात, "वाघाचे फोटो फेसबुकवर टाकायचा कुणी पगार देतं का?" इंटरव्ह्यूत 'ब्रँड' आणि 'इम्पॅक्ट' हेच शब्द जास्त ऐकले. खरं काम काय असतं? — मानेवाडा, नागपूर

बाबांना सांग, देतात. जाहिरात कंपनीत गेलेल्या तुझ्या मैत्रिणीइतका नाही देत, हे धरूनच चाल.

फेसबुक हा त्यातला सगळ्यात लहान भाग. मोठा भाग अगदी रटाळ असतो, बाप्पा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते पैसे संस्थेकडे आले की कंपनीला अहवाल हवा असतो, आणि अहवालात फोटो हवे असतात. सोलर पंपासमोर बॅनर धरून उभी असलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली माणसं तू दर तीन महिन्यांनी बघशील. संशोधकांनी इंग्रजीत लिहिलेलं मराठीत आणणं हे दुसरं काम. त्याला वेळ लागतो आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

मला विचारशील तर या नोकरीचा जीव तिसऱ्या कामात आहे. उन्हाळ्याचंच घे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं. फुलं पहाटे गळतात, उशीर झाला तर गुरं आणि हरणं खाऊन टाकतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वेचणारी बाई वाकलेली नाहीतर उकिडवी बसलेली. झुडपाआडून येणाऱ्या वाघाला तो माणूस आहे हे पटकन कळत नाही. मोह संपत आला की तेंदूपत्ता. याच दिवसांत चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडून हल्ल्यांच्या बातम्या येऊ लागतात.

आता संस्था काय करते? बऱ्याचदा 'मानव-वन्यजीव सहजीवन' अशा मथळ्याची गुळगुळीत पुस्तिका छापते. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते. खरं तर तिथे लागतो अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज. तो आदल्या संध्याकाळी, जेवणं व्हायच्या आत गावाच्या ग्रुपवर पडला पाहिजे. पहाटे टोपली उचलणारी बाई फोन बघत नाही. आवाज गावातल्याच एखाद्या बाईचा असावा, तुझा नको. "बायांनो, काल सांजच्याला बोडीच्या पाळीवर वाघ दिसला. उद्या तिकडं जाऊ नका. उजाडल्याबिगर निघू नका, चार-पाच जणी मिळून जा अन् बोलत राहा." बस, एवढंच. (बोडी म्हणजे छोटं तळं.) वन विभागाच्या सूचनेत कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या तुकड्याचा नंबर असतो. तो वनरक्षकाला पाठ असतो, पण मोह वेचणारीला बोडी आणि अमक्याचं वावर सांगावं लागतं. मेसेज सोडण्याआधी वनरक्षकाशी बोलून खात्री करायची. एकदा खोटी आवई उठली की पुढच्या खऱ्या मेसेजकडे कुणी ढुंकून बघत नाही.

पत्रकारांचे फोन येतील. वाघ मेला तरी येतील, माणूस मेला तरी येतील. "मॅडम, एक बाइट द्या ना." शवविच्छेदनाआधी मृत्यूचं कारण सांगायचं नाही, आणि वन विभागाच्या वतीनं बोलायचं नाही. फोटो बाहेर देताना त्यातलं लोकेशन काढून टाकायची सवय पहिल्याच दिवशी लावून घे. बछड्यांसह वाघीण कुठे बसते, हे शिकाऱ्याला आणि हौशी फोटोग्राफरांच्या गाड्यांना आयतं कशाला सांगायचं?

होकार देण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचार. मी लिहिलेलं शेवटी कोण पास करणार? आणि महिन्यातले किती दिवस गावात जायला मिळेल? दुसऱ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर दुसरी नोकरी शोध. देणगीदाराला पाठवायचं पत्र त्या गावच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवता आलं पाहिजे, ही माझी कसोटी. ती सांभाळायची तर ग्रामसभा कशी असते हे आधी बघावं लागतं.

मी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याबाहेरच्या पट्ट्यातल्या गावात शिक्षक आहे. वाघाच्या हल्ल्यात नवरा गेलेल्या आमच्या गावातल्या बाईचा फोटो एका संस्थेनं निधी मागणाऱ्या पत्रकात छापला. खाली तिला मिळालेल्या सरकारी मदतीचा आकडाही आहे. विचारलं तर म्हणतात, तिनं संमतीपत्रावर अंगठा दिलाय. — रामटेक तालुका

सर, तो अंगठा कधी घेतला ते आधी बघा. माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत त्या घरात कागदच कागद असतात. पंचनामा, वारसाचे कागद, बँकेचा फॉर्म. त्या गठ्ठ्यात आणखी एक कागद सरकवला तर बाई त्यावरही अंगठा देते. याला मी संमती म्हणत नाही, वकील काहीही म्हणो.

मला चेहऱ्याइतकाच तो आकडा खटकतो. राज्य सरकारनं २०२३ मध्ये अशा मृत्यूची मदत पंचवीस लाखांवर नेली. गावात एवढी रक्कम आणि एकट्या बाईचा चेहरा एकत्र छापून आला की पुढे काय होतं, ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. लांबचे दीर उगवतात, जुनी उधारी निघते, प्लॉट विकणारे येतात. पत्रक काढणाऱ्यानं नागपुरात एसीत बसून एक ओळ लिहिली, ती निस्तरायची मात्र तिनं.

आमच्या कामात रीत अशी. दुःखाचे पहिले दिवस जाऊ द्यायचे. मग संस्थेतल्या बाईनं जायचं, गाडीभर माणसं न्यायची नाहीत. काढलेला फोटो तिला दाखवायचा आणि मागच्या वर्षीचं छापील पत्रक तिच्या हातात द्यायचं, म्हणजे आपण कुठे आणि कसे दिसणार हे तिला कळतं. घरात गोंडी बोलत असतील तर गोंडीत सांगणारं माणूस सोबत हवं. नाही म्हणालीस तरी मदत थांबणार नाही, हे दोनदा सांगायचं. उद्या मन बदललं तर कुणाला फोन करायचा, तो नंबर तिच्याकडे ठेवायचा.

तुम्ही आता तिच्या सांगण्यावरून तिच्या नावानं पत्र लिहून द्या. फोटो आणि आकडा वेबसाइटवरून काढा, उरलेली पत्रकं वाटू नका, एवढंच मागा. पत्र संस्थेच्या विश्वस्तांना पाठवा. पत्रकावर ज्या कंपनीचा लोगो असेल, तिच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा खर्च बघणाऱ्या विभागालाही प्रत जाऊ द्या. ऑफिसातल्या पोराला पाठवलेला ईमेल तिथेच पडून राहतो, लोगोवाल्या कंपनीचा फोन आला की हालचाल होते.

चेहरा दाखवल्याशिवाय पैसे येत नाहीत, असं तुम्हाला ऐकवतील. मला ते पटत नाही. आपल्या जवळचाच हायवे बघा, आधीचा एनएच ७, आताचा ४४. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या पट्ट्यात प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी वाटा ठेवल्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी साडेसातशे मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेनं खाली कॅमेरे लावले, आणि काँक्रीटच्या खांबांमधून चालत जाणारे वाघ त्यात टिपले गेले. असा फोटो सुंदर नसतो, रडवणाराही नसतो. पण नागपूर-सिवनी रस्त्यानं कधी गेलेल्या माणसापुढे तो ठेवा. आपण वरून जात होतो तेव्हा खालून हा जात असेल, हे समजावं लागत नाही, आणि त्यानंतर पुढच्या रस्त्याचा, पुढच्या कालव्याचा विषय काढता येतो. मेहनत मात्र लागते. रडणारी बाई छापणं सोपं असतं.

बँकेतून निवृत्त झालो. एका संस्थेला दरवर्षी देणगी देतो. यंदाच्या त्यांच्या अहवालात 'संवाद व प्रसिद्धी' असा खर्च दिसला. आमचे पैसे झाडांवर खर्च व्हावेत की पोस्टरवर? — धरमपेठ

काका, हल्ल्याच्या भीतीनं गाव बिथरलेलं असताना रात्री अकरा वाजता फोन उचलणाऱ्या पोरीचा पगारही त्याच रकान्यात असतो. म्हणून आकडा बघून रागावू नका, त्यात काय काय आलं ते विचारा. हॉटेलातले कार्यक्रम आणि स्मृतिचिन्हं निघाली तर खुशाल रागवा. लेखापरीक्षित ताळेबंद मागा. नोंदणीकृत न्यासाला हिशेब तपासून घ्यावाच लागतो, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना जागा नाही. तुमच्या बाजूचंही थोडं बघा. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांवर रोख दिलेत तर तिथेही नाही. चेक द्या.

मी दहावीत आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर वाघ रस्त्यावर फिरतो असा व्हिडिओ आला, 'आत्ता, वर्धा रोड' असं लिहून. मावशीनं सगळ्यांना पाठवला. खरा आहे का कसं कळणार? — प्रतापनगर

व्हिडिओ आवाज बंद करून एकदा बघ आणि नंतर चित्र न बघता ऐक. दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? गाडीची नंबर प्लेट कुठली? मे महिन्यात रस्ता ओला कसा? मागे बोलणारी माणसं आपल्याकडची वाटतात का? बहुतेक व्हिडिओ इथेच उघडे पडतात. पण सगळेच खोटे असतात असं धरून बसू नकोस. २०२१ च्या मे महिन्यात आयटी पार्क-गायत्रीनगर भागात खराच बिबट्या आला होता. आपल्या शहराला गोरेवाड्याचं जंगल लागूनच आहे.

खरंच काही दिसलं तर १९२६ हा वन विभागाचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर फोन करायचा. ग्रुपवर टाकलं की बघ्यांची गर्दी आधी पोचते, वन विभागाची गाडी मागून, आणि घाबरलेलं जनावर मधे अडकतं. मावशीला ग्रुपवर सगळ्यांसमोर टोकू नकोस, वेगळा फोन कर. नाहीतर ती व्हिडिओ काढणार नाही, वरून तुझ्या आईलाच बोल लावील.