निवृत्तीनंतर नाशिकला आलो तर आमचा आठवडा कसा भरेल?

तुम्ही विचारलंय की दोघंही निवृत्त आहात, पुण्याचा फ्लॅट विकून नाशिकला यायचं म्हणताय, तर फिरणं, थोडी सेवा आणि थोडं खेडं असा आठवडा इथे जमेल का. जमतो. आमचं तेच चाललंय. मी बँकेतून निवृत्त, बायको प्राथमिक शिक्षिका होती. फक्त आधी खेडं ठरवा, बाकीचे वार मग आपोआप लागतात.

आणि खेडं ठरवताना एसटी बघा. डोंगर-हिरवळ त्र्यंबक-हरसूल पट्ट्यात कुठेही उतरलात तरी आहेच. परतीची गाडी मात्र सगळीकडे नसते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पुरुषांना ६५ नंतर अर्धं आणि ७५ नंतर दोघांनाही फुकट, म्हणजे खर्चाची सबबही उरत नाही. आम्ही हरसूलच्या वाटेवरचा एक पाडा धरलाय. शनिवारी जातो, कारण त्या दिवशी सकाळची शाळा असते.

सेवा म्हटली की आपल्याला मुलांना इंग्रजी शिकवायचं सुचतं. पाड्यावर शिक्षक आहेत हो. नसतो तो कागद वाचून, फॉर्म भरून देणारा माणूस. श्रावणबाळ, संजय गांधी निराधार, पीएम किसान, रेशनकार्डात सुनेचं नाव... ओट्यावर पोतं टाकून बसलं की लोक पिशव्या घेऊन जमतात. पिशवीत सगळं असतं, आधारपासून कोऱ्या स्टॅम्पपेपरपर्यंत, हवा तोच कागद सोडून.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘अंगठा उठत नाही’. जन्मभर भात लावून, सारवून, भांडी घासून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. म्हातारी बोट यंत्रावर ठेवते, यंत्र नाही म्हणतं. ती पदराला पुसते, केसांवर घासून तेलकट करते, पुन्हा ठेवते, पुन्हा नाही. मग दुसरं बोट. पीएम किसानचं केवायसी २०२३ पासून मोबाईलला चेहरा दाखवूनही होतं, एवढं ठाऊक असलेला एक जण शेजारी असला तरी तालुक्याच्या चकरा वाचतात. पथ्य एकच: कुणाचा ओटीपी आपल्या फोनवर मागवायचा नाही आणि कुणाचं पासबुक घरी आणायचं नाही, कितीही विश्वासाने दिलं तरी.

बायको तेवढ्या वेळात शाळेत गोष्टी वाचून दाखवते. परतीच्या गाडीत ती माझ्यापेक्षा जास्त दमलेली असते आणि जास्त बोलत असते.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की ओटा ओस पडतो, सगळं गाव चिखलात. आम्ही रोपांच्या मुठी उचलून द्यायचं काम मागून घेतलं. थोड्याच वेळात कंबर बोलायला लागली आणि घरच्या कारभारणीने सुनावलं, “बाबा, बांधावर बसा आता, तुम्हाला कोण उचलंल?” दुपारी नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी. जेवणाचे पैसे देऊ करू नका, वाईट वाटतं त्यांना. जाताना चहा-साखर न्यावी.

फिरण्याचं सोपं आहे. रोजचं गोल्फ क्लबवर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगा). गुडघे साथ देत असतील तर पांडवलेणी, साधारण दोनशे पायऱ्या. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर नातवाच्या राज्यात म्हातारीने मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलंय. ब्राह्मी आम्हाला वाचता येत नाही, तरी बायको दर वेळी त्या भिंतीसमोर उभी राहते आणि मुलाला फोन करायचं आठवतं. थंडीत एखादी पहाट नांदूर मध्यमेश्वरला काढा, पक्षी बघायला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. बुधवारी गंगेवरचा बाजार (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात). रविवारी मिसळ आणि झोप.

दोन सूचना. श्रावणात, त्यातून तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकच्या रस्त्याला लागू नका. त्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी असते. चालणारे असाल तर फेरीच करा, लहान फेरीही वीसेक किलोमीटरची आहे. आणि २०२७ चा पावसाळा सिंहस्थाच्या मुख्य स्नानांचा आहे, तेव्हा सामान हलवायचा मुहूर्त त्यात धरू नका.

फ्लॅट मात्र लगेच विकू नका. एक पावसाळा भाड्याने राहा. शहरात भुरभुर असते तेव्हा तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकला कोसळत असतो, ते अंगावर घेऊन बघा. घर बघताना गॅलरी कुठल्या बाजूला आहे ते नंतर विचारा. तिथून एसटी स्टँडवर सकाळच्या पहिल्या गाडीला पोचता येतं का, ते आधी.