भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर कायमचाच आहे का?

तुमच्या गावात चायनीजची गाडी लावणारा नेपाळी भाऊ १०० चे १६० होतात म्हणतो, ते खरं आहे. फेब्रुवारी १९९३ पासून हाच दर आहे. वरुडच्या संत्र्याचा भाव सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरा असतो. हा दर तसा बाजारात ठरत नाही, नेपाळने तो भारतीय रुपयाशी बांधून ठेवला आहे. त्यामुळे डॉलरपुढे आपला रुपया घसरला की त्यांचाही घसरतो.

पण कायमचा नाही. १९६० मध्येही दर १.६० च होता. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, म्हणजे सरकारनेच त्याची किंमत उतरवली, नेपाळने तेव्हा केलं नाही, आणि दर थेट १.०१ वर आला. इकडे राबून घरी १०० रुपये पाठवणाऱ्याच्या घरी १६० ऐवजी १०१ च पोचू लागले! या इतिहासात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. १९६७ च्या डिसेंबरात नेपाळनेही आपलं चलन उतरवलं, तेव्हा दर १.३५ झाला. पुढे वर-खाली होत तो पुन्हा १.६० वर आला.

त्या भावाला एवढं नक्की सांगा: कोणी दलाल १०० चे १५० देतो म्हणाला, तर घेऊ नको. बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची सोय आहे.