लाल रंग गुलाबी पडलाय, आता काय करू?

प्रश्न : माझ्याकडे १९८५ ची लाल स्पोर्ट्स कार आहे. बॉनेट आणि छत फिकट गुलाबी दिसतंय, हात फिरवला तर बोटाला पावडर लागते. अलॉय व्हील्सपण डागाळलीत. पूर्ण रीपेंट करावं लागेल का?

उत्तर : अहो, थांबा, रीपेंटची घाई नको! बोटाला लाल पावडर लागतेय म्हणजे बहुतेक वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेला जुना सिंगल स्टेज पेंट आहे, उन्हाने वरचा थर मेलाय पण खाली चांगला रंग असू शकतो. गाडी धुवा, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीची वडी) फिरवा, मग कोपऱ्यात वीतभर जागेवर हातानेच बारीक पॉलिश करून बघा, कापड लाल झालं तर घाबरू नका, तो मेलेला रंगच निघतोय. पॉलिशचं मशीन लावायच्या आधी मात्र पेंट गेजने रंगाची जाडी मोजा, कडांवर टेप लावा कारण तिथे रंग पातळ असतो आणि एकदा खालचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) दिसला की मग रीपेंटच. शेवटी वॅक्स, आणि गाडी सावलीत.

व्हील्सना ॲसिडवाला क्लीनर अजिबात नको, साधा पीएच न्यूट्रल (ना ॲसिड, ना अल्कली) घ्या. चाकांवरचं लॅकर (वरचा पारदर्शक थर) सुटलं असेल तर पॉलिशने काही होत नाही, ते काढून परत रंगवावंच लागतं. आणि चाकं खरंच ॲल्युमिनियमची आहेत ना बघा, काही जुनी मॅग्नेशियमची असतात, त्यांची घासलेली पूड पेट घेते, ते काम जाणकारालाच द्या. नट बसतात त्या जागेवर रंग नको, नट सैल होतात.