नवरा वाईट नाही, मग मला गुदमरल्यासारखं का होतं?

माझ्या काउन्सेलिंगच्या कामात हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतो. शब्द वेगळे असतात पण गाभा तोच. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, घरात काही कमी नाही, मुलांचं सगळं वेळेवर होतं, मग मला माझं स्वतःचं काहीतरी हवंय असं वाटणं म्हणजे माजच झाला ना ताई? बहुतेक जणी हे बोलताना आवाज खाली आणतात, घरात एकट्या असल्या तरी.

यावर नुसतं "अजिबात चूक नाही" म्हणून काही होत नाही, म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव देत नाहीये. ती तमिळ, पण जन्म आणि शाळा-कॉलेज सगळं माटुंग्याचं, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा फर्डं. बीकॉम केलं, फोर्टात एका सीएकडे चार वर्षं नोकरी केली, मग लग्न होऊन चेन्नईला, नंगनल्लूरला गेली. आता वय ४१, मुलगी नववीत. ऑनलाईन सेशनसाठी मुद्दाम मराठी बोलणारी बाई शोधली कारण घरातल्या कुणाला कळायला नको होतं. आम्ही दुपारी बोलायचो, नवरा ऑफिसात आणि सासूबाई झोपलेल्या असताना.

तिचा पहिला मेसेज एका सिनेमाबद्दल होता. ३६ वयदिनिले, मे २०१५ मध्ये आलेला तमिळ सिनेमा, मल्याळममधल्या हाऊ ओल्ड आर यूचा रिमेक. लग्नानंतर बरीच वर्षं पडद्यापासून लांब राहिलेली ज्योतिका यातून परत आली. गोष्ट साधी आहे. वसंती नावाची ३६ वर्षांची सरकारी क्लार्क, नवऱ्याला आयर्लंडला जायचंय, तिकडच्या नोकरीसाठी हिचं वय आड येतं, त्यात राष्ट्रपतींना भेटायला गेली आणि त्यांच्यासमोर चक्कर येऊन पडली म्हणून अख्खं गाव तिला हसतं, नवऱ्याला आणि मुलीलाही तिची लाज वाटते. शेवटी ते दोघं आयर्लंडला निघून जातात आणि ही मागे राहते. मग कॉलेजची एक जुनी मैत्रीण भेटते आणि तू पूर्वी कशी होतीस ते तिला आठवून देते, आणि पुढे वसंती गच्चीवर विषमुक्त भाजी पिकवायला लागते, त्यातून तिचं स्वतःचं नाव होतं. बाईच्या स्वप्नांची एक्सपायरी डेट कोण ठरवतं, हा त्या सिनेमातला प्रश्न खूप जणींच्या मनात घर करून बसलाय.

आमच्या या बाईने तो रात्री एक वाजता फोनवर हेडफोन लावून पाहिला आणि खूप रडली. पण तिने पुढे जे लिहिलं ते मी आजवर विसरले नाही. "ताई, वसंतीचा नवरा आयर्लंडला गेला. माझा कुठे जातोय? तो पुढच्या खोलीतच आहे."

मी त्या वाक्यावर बराच वेळ थांबले. खरंच की. सिनेमात घर रिकामं होतं, तिला कमी लेखणारी दोन्ही माणसं समुद्रापार जातात आणि मग तिला उभं राहायला जागा मिळते. खऱ्या आयुष्यात तुम्हाला रोज ज्या माणसाला कॉफी करून द्यायचीय त्याच्याच डोळ्यांसमोर बदलायचं असतं, आणि तो बघत असतो, आणि विचारत असतो. तिच्या नवऱ्याचं ठरलेलं वाक्य होतं, उनक्कु एदुक्कु? म्हणजे तुला कशाला? ओरडून नाही हं, प्रेमाने. तुला कशाला बँकेत जायचंय, मी आहे ना. तुला कशाला एकटीने टी नगरला जायचंय, रविवारी गाडीने जाऊ. आणि माटुंग्याला आईला फोन केला की आई म्हणायची अ‍ॅडजस्ट पण्णिक्को, घे गं जुळवून, किती चांगला आहे तो.

पहिल्या आठवड्यात मी तिला एकच काम दिलं. दिवसभरात कुठलीही गोष्ट करायच्या आधी कुणाला विचारलंत तर वहीत एक रेघ मारायची, बाकी काही बदलायचं नाही. आठवड्याच्या ६८ रेघा झाल्या. त्यात भाजीवाल्याकडून जास्तीचं नारळ घेऊ का हे पण होतं. तिलाच धक्का बसला, म्हणाली मी तर हे नाईलाजानेसुद्धा विचारत नाही, सवयीनेच तोंडातून येतं.

आणि मग निघाला पैशाचा विषय. खातं जॉइंट, पण मोबाईल नंबर नवऱ्याचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. कार्ड हिच्या पर्समध्ये असलं तरी ऑनलाईन २०० रुपयाचं पुस्तक मागवायचं तर त्याला ऑफिसात फोन करून आकडे विचारायचे. त्याच दिवसांत तिच्या कामवालीने एक गोष्ट सांगितली. तमिळनाडू सरकारची एक योजना आहे, सप्टेंबर २०२३ पासून घर चालवणाऱ्या बाईच्या खात्यात महिन्याला १००० रुपये, गरीब घरांसाठी आहे, आपल्याकडच्या लाडक्या बहिणीच्या आधीची. तिचं नाव मगळिर उरिमै तोगै. मगळिर म्हणजे महिला, उरिमै म्हणजे हक्क, तोगै म्हणजे रक्कम. मदत म्हणत नाहीत, हक्काची रक्कम म्हणतात. ती मला म्हणाली, माझ्याकडे भांडी घासणारीला मेसेज येतो की तुझ्या खात्यात तुझे पैसे जमा झाले, माझ्या फोनवर असा मेसेज १६ वर्षांत एकदाही आला नाही.

इथे मी एक चूक केली ती सांगायलाच हवी. मला तिच्याइतकाच राग आला आणि मी म्हटलं आजच बोला त्यांच्याशी, सरळ सांगा. तिने जेवताना सांगितलं, तेही सगळ्यांसमोर, १६ वर्षांचं एकदम बाहेर आलं. नवरा उठून गेला, सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या, आणि मुलगी म्हणाली अम्मा तू सिनेमे बघून असं करतेस. पुढचे दोन सेशन ती आलीच नाही. माझी घाई होती ती. समोरच्या माणसाला आधी पटवायचं आणि मग पाऊल टाकायचं हा क्रमच उलटा आहे. पाऊल इतकं लहान टाकायचं की परवानगीचा प्रश्नच उठू नये.

परत आली तेव्हा आम्ही लहान धरलं. आधी बस. तिथल्या शहरातल्या साध्या बसला २०२१ पासून बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, तर आठवड्यातून एकदा एकटीने कुठेतरी जायचं आणि परत यायचं, काही आणायचं नाही, कारण द्यायचं नाही. मग स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं, स्वतःचा नंबर जोडून. आणि मग काम. वसंतीसारखी गच्ची हिच्याकडे नव्हती पण अकाउंटन्सी होती. वरच्या मजल्यावरची प्लस टूची, म्हणजे बारावीची, मुलगी अडत होती, तिला शिकवायला लागली, मग तिच्या दोन मैत्रिणी. प्रत्येकी १५०० महिना.

या काळात अपराधी वाटणं जायचं नाव घेईना. साडेचारला मुली यायच्या आणि त्याच वेळी सासूबाईंची कॉफी असायची. ती म्हणायची ताई मला छातीत धडधडतं, म्हणजे मी चुकीचंच करतेय ना? मी सगळ्यांना सांगते ते तिलाही सांगितलं. १६ वर्षं ज्या वेळेला तुम्ही स्वयंपाकघरात होतात त्या वेळेला तुम्ही टेबलावर बसलात तर शरीर घाबरणारच, ते नवीनपणाचं घाबरणं आहे, गुन्ह्याचं नाही. धडधड होऊ दे आणि ताळेबंद शिकवा. साधारण दोन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की कॉफी आता सासूबाई स्वतः करून घेतात, कधीपासून ते तिला सांगता आलं नाही.

नवरा एका सेशनला आला. खरं दुखावला होता. म्हणाला मी हिला कधी कशाची झळ लागू दिली नाही, हे माझं चुकलं? मी त्याच्याशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, उद्या तुम्ही आयसीयूत असलात तर अ‍ॅडव्हान्स कोण भरणार, आणि ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? तो बराच वेळ गप्प होता. मग इंग्रजीत म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळेला आईला असंच झालं होतं, चेकबुक कुठे आहे तेसुद्धा माहीत नव्हतं तिला. हे तो पहिल्यांदाच बोलत होता, बायकोलाही नवीन होतं.

तो पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. पासवर्ड सांगितले, पण ट्यूशनला अजून "तुझं ते" म्हणतो.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांचं घर असं नसेल. वर सांगितलेलं सगळं जिथे भीती नाही तिथलं आहे. पैसे मागितले की मारहाण होत असेल, पगार किंवा दागिने काढून घेतले जात असतील, घराबाहेर काढायची धमकी असेल, तर बस आणि ट्यूशनने सुरुवात करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पैशाची अडवणूक हाही हिंसाचारच धरलाय, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन तमिळनाडूतही आहे, महाराष्ट्रातही. आधी तिथे बोला. "तो वाईट नाही" हे वाक्य आपण कधी कधी स्वतःलाच गप्प करायला वापरतो, म्हणून मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत विचारते, तुम्ही नाही म्हणालात तर घरात काय होतं? उत्तर द्यायला वेळ लागला की मी तिथेच थांबते आणि बाकीचं सगळं बाजूला ठेवते.

आमची ही बाई अजून महिन्यातून एकदा बोलते. गेल्या वेळी सांगत होती, मुली आता पाच झाल्यात, तर भिंतीवर लावायला पांढरा बोर्ड घ्यायचा होता. नवरा पेपर वाचत होता, वर न बघता म्हणाला, उनक्कु एदुक्कु?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"वेणुम."

वेणुम म्हणजे पाहिजे. कारण नाही, हिशोब नाही, आवाज चढवला नाही, नुसतं पाहिजे. तो काही बोलला नाही, पान उलटलं. बोर्ड सोमवारी आला, ओटीपी तिच्याच फोनवर आला होता.