जहाजावरून परतणाऱ्या तारवट्याला घरात घ्यावं की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, क्रूझवर हाउसकीपिंगला आहे. कुठल्याशा प्रवासी जहाजावर हंटा विषाणूचे रुग्ण सापडल्याचे मेसेज मोबाइलवर फिरतायत. भावाचं जहाज ते नव्हे, तरी वाड्यावर कुजबुज सुरू झाली आहे की तो सुटीवर आला तर महिनाभर त्याला घरात घेऊ नका. आई घाबरली आहे. शिवाय कुणी म्हणतं गोव्यातल्या मुरगाव बंदरात क्रूझ लागूच देऊ नका, कुणी म्हणतं मासळी बंद करा.

सरळ उत्तर: भावाला घरात घ्या. ज्या जहाजावर रुग्ण नाही, तिथून आलेल्या माणसाला वेगळं ठेवायला काहीच कारण नाही. आणि समजा रुग्ण त्याच्याच जहाजावर निघाला असता, तरी त्याला दाराबाहेर ठेवणं हा उपाय नव्हे. तेव्हा काय करायचं ते ठरलेलं आहे, पुढे सविस्तर देतो.

अशी बातमी आली की लोक पहिल्यांदा विचारतात, किती मेले? विचारायला हवं ते वेगळंच: हा विषाणू कुणाकडून कुणाकडे जातो, आणि किती दिवसांनी लक्षणं देतो? या दोन उत्तरांवर बाकी सगळं ठरतं. हंटा हा एकच विषाणू नाही, ते मोठं कुळ आहे. उंदीर, घूस, चिचुंद्री अशा प्राण्यांत ते विषाणू राहतात आणि त्यांच्या मूत, लेंडी, लाळेतून बाहेर पडतात. वाळलेली घाण झाडताना जी धूळ उडते ती श्वासात गेली की माणसाला लागण होते. कोरियातल्या हंतान नदीवरून या कुळाला नाव पडलं. कोरियन युद्धात ३,००० हून अधिक सैनिकांना याच जातीचा, मूत्रपिंडं बिघडवणारा ताप आला होता. अमेरिकेत १९९३ मध्ये सापडलेला सिन नोम्ब्रे विषाणू फुप्फुसांवर जातो. बंदरांतल्या घुशींमध्ये जगभर आढळतो तो सोल विषाणू, त्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी. भारतही या नकाशाबाहेर नाही, वेल्लोरला १९६४ मध्ये चिचुंद्रीत सापडलेला थोट्टापलयम विषाणू याच कुळातला आहे.

या सगळ्यांत माणसाकडून माणसाकडे जातो असा भक्कम पुरावा फक्त एकाचा आहे, अँडीज विषाणूचा. तो दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना आणि चिलीच्या भागात, लांब शेपटीच्या एका रानउंदरात असतो. म्हणून "जहाजावर हंटा" एवढं वाचून काहीच कळत नाही. कुठला हंटा, जहाज कुठून निघालं, हे त्या मेसेजमध्ये नसेल तर तो पुढे पाठवू नका.

अँडीजचा सगळ्यात नीट अभ्यासलेला प्रसार अर्जेंटिनातल्या चुबुत प्रांतात, एपुयेन या लहान गावात २०१८-१९ मध्ये झाला. ३४ रुग्ण, ११ मृत्यू. सुरुवात एका माणसापासून झाली. अंगात ताप असताना तो वाढदिवसाच्या कार्यक्रमाला गेला, तिथे सुमारे १०० पाहुणे होते, आणि त्यातल्या पाच जणांना लागण झाली. कार्यक्रमाला आलेले सगळे आजारी पडले नाहीत, हे इथे लक्षात घ्या. पुढे एक रुग्ण सरासरी दोनपेक्षा थोड्या जास्त लोकांना लागण देत होता. रुग्णांना वेगळं ठेवलं, त्यांच्या संपर्कातले लोक घरी थांबले, तेव्हा तो आकडा एकच्या खाली आला आणि साखळी तुटली. लस नव्हती, खास औषधही नव्हतं. लोकांनी ताप लपवला नाही आणि सांगितलेले दिवस घरी काढले, त्यावर काम झालं.

मला वाड्यावरच्या कुजबुजीची भीती विषाणूपेक्षा जास्त वाटते, ती यामुळेच. ज्या मुलाला माहीत आहे की ताप आल्याचं सांगितलं तर आईला नळावर कुणी उभं करणार नाही, तो पॅरासिटामॉल घेऊन गप्प बसेल. विमानतळावरच्या फॉर्मवर "लक्षणं नाहीत" असं लिहील, आणि दोन दिवसांनी फेस्ताला, चर्चच्या उत्सवाला, जाईल. साखळी वाढते ती अशी. २०२० मध्ये बोटीवर अडकलेल्या गोंयकार तारवट्यांच्या घरच्यांना त्यांना परत आणा म्हणून रस्त्यावर यावं लागलं होतं, आणि इकडे काही ठिकाणी शेजारी त्यांच्याकडे संशयाने बघत होते. तसं पुन्हा होऊ देऊ नये.

आता समजा तुमच्या भावाच्याच जहाजावर अँडीजचा रुग्ण निघाला आणि तो घरी येतोय. संपर्कात आल्यापासून लक्षणं दिसायला एक ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून शेवटच्या संपर्काच्या दिवसापासून ४२ दिवस मोजायचे, घरी पोचल्याच्या दिवसापासून नव्हे. इथे हिशोब चुकला की दिवस उगाच जास्त धरले जातात. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहायचा, हाताने कपाळ बघून नव्हे. ताप मोजायच्या आधी चार-सहा तासांत पॅरासिटामॉल घेतलं असेल तर तेही लिहायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. झोपायला वेगळी खोली, खिडकी उघडी. टॉवेल, ताट, पाण्याची बाटली, सिगरेट कुणाशी वाटून घ्यायची नाही. एका खोलीत बोलत बसायचं तर दोघांनीही मास्क. जत्रा, लग्न, फेस्त, मिस्सा, भजन या दिवसांत टाळायचं. बाल्कनीतून शेजाऱ्याशी बोलायला, अंगणात बसायला हरकत नाही. लागण देण्याचा धोका मुख्यतः ताप सुरू होण्याच्या सुमारास असतो, म्हणून अंगात ताप नसताना घरच्यांनी त्याच्याशी अस्पृश्यासारखं वागू नये. सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांनी यापेक्षा कडक सूचना दिल्या तर त्या पाळायच्या.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा मांड्या, कंबर, पाठ फार दुखू लागली, सोबत उलटी-जुलाब असले, तर थेट दवाखान्यात जाऊन बाकड्यावर बसू नका. आधी फोन करा. १०८ ला किंवा रुग्णालयाला पहिल्याच वाक्यात सांगा: जहाजावरून अमुक तारखेला साइन ऑफ झाला (काम संपवून उतरला), जहाजावर हंटाचा रुग्ण होता, ताप कालपासून आहे. हे आधी सांगण्याचं कारण मोठं आहे. या आजारात सुरुवातीला प्लेटलेट्स खाली येतात, आणि गोव्यात पावसाळ्यात ताप अधिक कमी प्लेटलेट्स म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी डेंगीच येणार. डेंगी समजून भरपूर सलाइन चढवलं, तर हंटाच्या फुप्फुसाच्या आजारात ते पाणी फुप्फुसात भरायला मदत करतं. चार-पाच दिवसांच्या तापानंतर खोकला आणि दम सुरू झाला की काही तासांत व्हेंटिलेटर लागू शकतो, म्हणून दम लागायची वाट बघायची नाही. तपासणी रक्ताची, आयजीएम आणि आरटी-पीसीआर. असे दुर्मीळ विषाणूचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातात, ते पाठवणं रुग्णालयाचं आणि आरोग्य खात्याचं काम, तुमचं नव्हे. खासगी लॅबमध्ये "हंटा टेस्ट" शोधत फिरू नका. अँटिबायोटिक आणि आयव्हरमेक्टिनचा इथे उपयोग नाही. वेळेवर अतिदक्षता विभाग, हाच उपचार.

उंदरांचं म्हणाल तर, गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्याची खरी भीती बाळगावी तो लेप्टो आहे. उंदरांच्या मुतातूनच येतो, पण तो जिवाणू आहे, विषाणू नव्हे, आणि वेळेत दिलेल्या अँटिबायोटिकने बरा होतो. शेतात गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर ती झाकावी, आणि डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी घ्यायची की नाही ते आरोग्य केंद्रात विचारावं. दर पावसाळ्यात माणसं जातात ती लेप्टोने. त्याबद्दल वाड्यावर कुणी कुजबुजत नाही.

बंद घर, माळा, लाकडांची खोप साफ करायची पद्धत मात्र लेप्टो असो वा हंटा, एकच. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे, मास्क घाला. बाजारात चार-पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट ब्लीच मिळतं, त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग, म्हणजे १०० मिलीला ९०० मिली पाणी. लेंड्या आणि मुताचे डाग त्याने चिंब भिजवा, किमान ५ मिनिटं तसंच ठेवा, मग कागदाने किंवा फडक्याने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. कोरड्या केरसुणीने झाडू नका, व्हॅक्युम लावू नका. सगळी चूक तिथेच होते, भिजवण्याआधी केरसुणी हातात घेतली जाते. हे पाणी रोजचं रोज करा, कालचं निकामी होतं. आणि संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आता मुरगावचं. प्रत्येक परदेशी जहाज बंदरात येण्याआधी कप्तान सागरी आरोग्य घोषणापत्र पाठवतो. त्यात विचारतात: प्रवासात अपघाताशिवाय कुणी दगावलं का, संसर्गजन्य आजाराचा संशय आहे का, आजारी प्रवासी नेहमीपेक्षा जास्त आहेत का, डॉक्टरला दाखवलं का, जहाजावर आजारी प्राणी आहे का. जहाजावर डॉक्टर असेल तर त्याचीही सही लागते. मुरगावला केंद्राचं पोर्ट हेल्थ कार्यालय आहे. तिथल्या अधिकाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय कुणी उतरत नाही. जहाजावर पिवळं निशाण दिसलं की लोक फोटो काढून "रोगाचं जहाज" म्हणून पाठवतात. आजच्या नियमात एकटं पिवळं निशाण म्हणजे उलट: जहाज निरोगी आहे, उतरायची परवानगी द्या. बांधलेल्या दोरांवर गोल पत्र्याच्या चकत्या दिसतील, त्या उंदरांना दोरावरून चढू-उतरू न देण्यासाठी असतात. चकती आणि दोराच्या मधली फट चिंधीने बुजवलेली नसेल तर ती चकती नसल्यासारखीच, बंदरातल्या माणसांनी लक्ष ठेवायचं ते इथे.

"जहाज लागूच देऊ नका" हे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बसत नाही. २००५ च्या नियमांप्रमाणे केवळ आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदर नाकारता येत नाही. बंदरात सोय नसेल तर जवळच्या योग्य बंदराकडे पाठवता येतं. माणसांना जहाजावरच कोंडून ठेवलं तर काय होतं ते डायमंड प्रिन्सेस या क्रूझवर फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. जपानमध्ये योकोहामाला ३,७११ माणसं जहाजावरच ठेवली, ७१२ जणांना कोविड झाला. प्रवासी केबिनमध्ये बंद होते, पण कर्मचारी एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि दारोदार ताटं पोचवत होते. जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. जहाज बंद केलं की पहिला मार बसतो तो आपल्याच पोरांना.

गोव्यातलं उदाहरणही जवळचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये कॉर्डेलिया क्रूझ मुंबईहून मुरगावला आली, सुमारे २,००० जणांच्या तपासणीत ६६ पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज मुंबईला परतलं. टीव्हीवर दिवसभर ते जहाज दिसत होतं, पण त्याच आठवड्यात खुद्द गोव्यात कोविडचे रुग्ण झपाट्याने वाढत होते. जहाजाकडे बोट दाखवणं सोपं असतं, कारण ते समुद्रात सगळ्यांना दिसतं.

मासळी खा. हंटा मासळीत नसतो, समुद्राच्या पाण्यातून येत नाही. जहाजांवर खरोखर वारंवार होणारा आजार नोरोव्हायरसचा आहे, उलट्या-जुलाब, १२ ते ४८ तासांत सुरू. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं. भावाला एवढं जरूर सांगा.

आणि भावासाठी एक कागदांचं काम. साइन ऑफ होताना जहाजावरच्या दवाखान्यातल्या आपल्या नोंदींची प्रत मागून घ्यायची, सीडीसीवर, म्हणजे तारवट्याच्या नोकरीच्या नोंदवहीत, तारीख बरोबर पडली का बघायचं, केबिनमधल्या सोबत्याचा नंबर ठेवायचा. तो पुढे आजारी पडला तर आरोग्य खात्याच्या आधी तुम्हाला कळेल. नोकरीवर असताना आजार झाला असेल तर उपचाराचा खर्च कंपनीने करायचा असतो, आणि घरी आल्यावरही आजारपणाचा पगार मिळतो. माणूस बरा झाला नसेल तर सागरी कामगार कराराप्रमाणे कंपनी ही जबाबदारी १६ आठवड्यांच्या आत संपवू शकत नाही. भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला आहे. एजंट टाळाटाळ करत असेल तर ईमेलवर लेखी मागा, फोनवर नव्हे.